शेवटच्या पट्टीच्या डावीकडे

त्याला सगळे घड्याळजी म्हणत. घड्याळाशी त्याचा संबंध मनगटापुरताच होता, पण त्याचं काम सांगायला सोपं नव्हतं आणि नाव ठेवणाऱ्यांना काहीतरी सोपं लागतं. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "काय करता आपण?" तर हा म्हणाला, "टेंपो दुरुस्त करतो." सासरे खूश झाले. गॅरेज म्हणजे हातात कला आहे, मुलगी उपाशी राहायची नाही. खरं काय ते कळलं तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता.

काम असं होतं. विजेच्या पियानोवर कुणी काही वाजवलं की ते मिडी फाइलमध्ये उतरतं. या फाइलमध्ये आवाज नसतो. नुसती नोंद असते: कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली. बोटांचा इतिहास म्हणा हवं तर. ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेतली की दोन गोष्टी हमखास बिघडतात. वाजवणारा कितीही संथ वाजवो, फाइल म्हणते लय, म्हणजे टेंपो, एकशेवीस. आणि स्केल, म्हणजे गाण्याचा मुख्य सूर, कुठलंही असो, फाइल म्हणते पांढरी एक. मग कागदावर मात्रा एकीकडे आणि सूर भलतीकडे, असा सगळा गोंधळ उमटतो. कुणीतरी चिकाटीने बसून लय आणि स्केल जागच्या जागी आणावं लागतं, तेव्हा ते छापण्याजोगं होतं. घड्याळजी हे काम घरच्या पुढच्या खोलीत बसून करायचा. गाणं ऐकत टेबलावरच्या छोट्या कीबोर्डवर बोटाने ठोके द्यायचे, म्हणजे खरी लय कुठून कुठे जाते ते कॉम्प्युटरला कळतं.

त्यातही गंमत अशी की ठोके देणारं त्याचं बोटच अधू होतं. उजव्या हाताची तर्जनी अकरा वर्षांपूर्वी खिडकीत चेमटली होती. तिचा मधला सांधा नीट वाकत नसे, त्यामुळे दर चौथा ठोका केसभर मागे पडायचा. दुसरं बोट वापरून पाहिलं, पण सवय ती सवय. मग मागे पडलेले ठोके माउसने पुढे सरकवत बसायचा. बायको म्हणायची, "घड्याळजीचंच घड्याळ मागे." ती दातांच्या दवाखान्यात सकाळच्या पाळीला जायची आणि दोनला घरी यायची.

तर एका सोमवारी सकाळी दारावर टकटक झाली. बेल चांगली चालू होती, तरी टकटक. दारात सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. कपडे जुने, पण शिवण अशी की बघत राहावं. त्यांचा हात सारखा गळ्याकडे जात होता, आणि तिथे काहीच नाही म्हणून परत येत होता.

"मी शिंपी," ते म्हणाले. "होतो. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण टेप अजून गळ्यात आहे असंच वाटतं. तुम्ही गाणं कागदावर उतरवता ना?"

"पेनड्राइव्ह आणलाय का काका?"

त्यांनी पत्र्याची बटणांची डबी उघडली. बटणांमध्ये एक पेनड्राइव्ह होता आणि एक पितळी अंगुस्तान, सुई ढकलायला बोटात घालतात ते, टिकल्याटिकल्यांचं. अकरा गाणी होती. शिंपीकाकांची बायको घरी मुलांना पियानो शिकवायची. या लहान लहान चाली तिने शिकवण्यासाठी स्वतःच बांधल्या होत्या, पण कधी कागदावर लिहिल्याच नाहीत. दुकान बंद झाल्यावर काका तिच्याकडेच शिकायला बसले. काकू जाऊन चार महिने झाले होते. आता काकांनी आठवतील तशा अकरा चाली त्याच पियानोवर वाजवून पेनड्राइव्हमध्ये भरल्या होत्या. त्यांची छापील वही करायची आणि तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक द्यायची, एवढंच मागणं होतं.

"दुरुस्त केलेलं परत याच्यातच, याच नावाने ठेवा," ते म्हणाले. "नवीन नावं मला सापडत नाहीत. मी रोज दुपारी तीनला बसतो. ही नेहमी म्हणायची, तुम्ही पळता. कापड कापताना कधी पळला नाहीत, इथेच काय मागे लागतंय?"

घड्याळजी हसला. हौशी माणूस पळतोच. एकेका चालीला दोन तास जाणार, असा त्याने मनाशी हिशेब केला आणि डबी ठेवून घेतली.

पहिली फाइल उघडली. लय एकशेवीस, अपेक्षेप्रमाणे. स्केल नक्की करायला त्याने कॉम्प्युटरलाच ओळखायला सांगितलं, आणि कॉम्प्युटर म्हणाला, काळी चार. घड्याळजीने चाल पुन्हा ऐकली. सरळसाधी पांढरी एक होती, लहान मुलांना शिकवायची असते तशी. काळी चारचा त्यात मागमूस नव्हता. त्याने दुसरी फाइल घेतली. काळी चार. अकराच्या अकरा फाइलींना तेच उत्तर आलं.

यंत्राला डोकं नसतं, ते नुसतं मोजतं. जो सूर सगळ्यात जास्त वेळा वाजला, त्याला मुख्य धरतं. म्हणजे काळी चार या फाइलींमध्ये शेकड्यांनी वाजत होती आणि ती ऐकू येत नव्हती. घड्याळजी पडद्यावर खाली खाली जात राहिला. सगळ्या सुरांच्या पार खाली, जिथे कुणी कधी बघत नाही, तिथे बारीक ठिपक्यांची एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली होती. एकेका ठिपक्याचा जोर होता एक. जोर एकपासून एकशेसत्तावीसपर्यंत मोजतात. पट्ट्यांवरून मांजर चालत गेलं तरी दहा-बारा उमटतो. आणि पट्टी काळी चारच, पण तिचा क्रमांक होता वीस.

तो थोडा मागे सरकून बसला. पियानोच्या डावीकडच्या अगदी शेवटच्या पट्टीचा क्रमांक एकवीस असतो. तिच्या डावीकडे पट्टी नसते. तिथे लाकूड असतं.

जुन्या यंत्रात असं होतं म्हणे, असं त्याने स्वतःला सांगितलं. कुठेतरी तार ढिली झाली असणार. धंद्यात याला कचरा म्हणतात आणि निवडून पुसून टाकतात. पण पुसण्याआधी त्याच्या एक लक्षात आलं. काकांचे सूर मागेपुढे पळत होते, ठिपके मात्र पळत नव्हते. काका घाई करायला लागले की ठिपके जागेवर थांबायचे आणि दोन मात्रांत काका मुकाट्याने परत यायचे. त्याने सहज म्हणून ठिपके हेच ठोके धरले. एका क्षणात सगळी चाल मात्रांमध्ये येऊन बसली. जिथे दोन तास जायचे तिथे दोन मिनिटं लागली.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. घड्याळजीने दिवसभरात अकरा चाली उरकल्या. लहान मुलांच्या वहीत लय एकच हवी, म्हणून बारीकसारीक चढउतार सपाट करून प्रत्येक चालीला एकच आकडा दिला. स्केल पांढरी एक केलं. आणि काम झाल्यावर खालची ती ओळ निवडून पुसली. सगळं त्याच नावांनी, त्याच पेनड्राइव्हमध्ये, जुन्याच्या जागी ठेवलं. बुधवारी काका येऊन वही आणि डबी घेऊन गेले. छापील पान त्यांनी उजेडासमोर धरून पाहिलं, कापडाचा पोत बघावा तसं, आणि समाधानाने मान हलवली. ते गेल्यावर घड्याळजीने आपल्या कॉम्प्युटरवरूनही फाइली काढून टाकल्या. परक्याची चीज घरात ठेवू नये, असं त्याची आई म्हणायची.

पुढच्या सोमवारी पुन्हा टकटक झाली. दार उघडलं आणि घड्याळजी चपापला. पाच दिवसांत माणूस एवढा उतरलेला त्याने पाहिला नव्हता. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात. शिंप्याचं.

"तुम्ही त्याच्यातून काय काढलंत?" काका उंबऱ्यातच म्हणाले.

"काय काढलं म्हणजे? लय नीट केली. स्केल..."

"काहीतरी काढलंत. आठवून बघा."

घड्याळजीने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं, हळू आवाजात, जमिनीकडे बघत. काकू शिकवताना नेहमी विद्यार्थ्याच्या डावीकडे बसायची. काकांचं अंगुस्तान बोटात घालून, पियानोच्या शेवटच्या पट्टीच्या पलीकडे जे लाकूड असतं, त्यावर ठोके द्यायची. अगदी हलके. वर्षानुवर्षं ठोकून तिथे खळगा पडला होता.

"ती गेली, आणि तेरा दिवसांनी मी वाजवायला बसलो. पळत होतो. आणि लाकडावर..." ते थांबले. "मी डावीकडे बघितलं नाही. चार महिन्यांत एकदाही बघितलं नाही. बघितलं तर थांबेल असं वाटायचं. रोज तीन ते साडेतीन. मी एकटा नव्हतो हो."

"आणि आता?"

"बुधवारी हा पेनड्राइव्ह पियानोत घातला. तेव्हापासून लाकूड गप्प आहे."

वीस नंबरची पट्टी, जोर एक, आणि काका पळाले की न पळणारी ती ओळ. ती ओळ त्याने माउसने अशी निवडली होती आणि अशी पुसली होती, सुपारीचं खांड तोंडात टाकावं इतक्या सहज. एकदा नाही, अकरा वेळा.

"ते ठिपके होते," तो म्हणाला. "मला वाटलं... कचरा आहे."

काकांनी बटणांची डबी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"परत घाला," ते म्हणाले.

परत घालायला काही उरलंच नव्हतं. पेनड्राइव्हमध्ये नाही, कॉम्प्युटरमध्ये नाही, आणि लय तर त्याने स्वतःच्या हाताने सपाट करून ठेवली होती. हे सांगताना त्याला इतकी शरम वाटली की काका पुढे जे म्हणाले त्याला त्याने नाही म्हटलं नाही. काका म्हणाले, मग तुम्ही द्या ठोके. तुमचं कामच आहे ना ते? आणि डबीतून अंगुस्तान काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं.

"हे घालून द्या. तिची रीत होती."

अंगुस्तान त्याच्या अधू तर्जनीत घट्ट बसलं. आतून ते गार असायला हवं होतं, डबीतून आलं होतं, पण कोमट लागलं. एक एक चाल लावून त्याने टेबलावरच्या कीबोर्डवर ठोके दिले, ते सगळे वीस नंबरच्या पट्टीवर नेऊन ठेवले आणि जोर एक करून टाकला. चौथा ठोका मागे पडत होता, पण समोर काका डोळे मिटून बसले होते. त्यांच्यादेखत माउसने ठोके सरकवत बसायला त्याला धीर झाला नाही.

"वाकडं बोट आहे का तुमचं?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"हो. जुनी दुखापत आहे."

"हिला चाललं नसतं. फार कडक होती. चुकलं की माझ्या बोटावर बोट ठेवून वरून दाबायची. आणि परत पहिल्यापासून. जमेपर्यंत सोडायची नाही." ते किंचित हसले, त्या दिवसात पहिल्यांदा. मग डबी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आले ठोके," ते म्हणाले.

घड्याळजीने सुटकेचा श्वास सोडला. "चला, बरं झालं काका."

"तिचे नाहीत. चौथा मागे पडतो. तुमचा हात आहे तो."

"मग बरोबरच आहे. फाइलमध्ये मीच दिलेत ना ते. फाइल वाजते आहे."

मग काका हलकेच म्हणाले, "मी आज पेनड्राइव्ह लावलाच नव्हता."

घड्याळजीने फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. हातातला टॉवेल तसाच. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं ते सुचत नव्हतं, असा तिचा चेहरा होता.

"दुपारी तुला काय झालं होतं?" ती म्हणाली. "तीन ते साडेतीन. मी तीन हाका मारल्या."

"काम करत होतो."

"कॉम्प्युटर बंद होता. तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास. डोळे उघडे. आणि बोटाने टेबलावर ठोकत होतास, एकसारखं. मला वाटलं चिडलायस माझ्यावर, म्हणून मी परत आत गेले."

त्याला काही आठवत नव्हतं. जेवण आठवत होतं, आणि चहा आठवत होता. मधला अर्धा तास कुणीतरी कात्रीने कापून घेतला होता. त्याने बोट उजेडात धरलं. अंगुस्तान कालच परत दिलं होतं. तरी बोटावर बारीक बारीक टिकल्या उमटलेल्या होत्या. ठोका पडतो त्या बाजूला नव्हत्या, वरच्या बाजूला होत्या, नखावर आणि नखामागे.

बुधवारी बायकोने फोनवर चित्रीकरण केलं. रात्री दोघांनी ते एकदाच पाहिलं. पडद्यावरचा माणूस घड्याळजीच होता, त्याच्याच सदऱ्यात, पण त्याच्या चेहऱ्यावर कुणीच नव्हतं. बोट उठत होतं, पडत होतं. एक, दोन, तीन, आणि केसभर उशिरा चार. बायकोने फोन उलटा ठेवला. "त्या म्हाताऱ्यांना सांग, वाजवणं थांबवा म्हणून," ती म्हणाली. "आत्ता सांग."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्यांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच आलं. मग म्हणाले, "तुम्हाला त्रास होत असेल तर मला नको ते ठोके. तिचे असते तर गोष्ट वेगळी. उद्यापासून मी पियानोला हात लावत नाही." सज्जन माणूस. घड्याळजीला भडभडून आलं. त्या रात्री दोघंही बऱ्यापैकी झोपले.

गुरुवारी तो तीनला बसला आणि पाचला भानावर आला.

शुक्रवारीही पाच. शनिवारी साडेपाच. बायको शेजारी बसून होती, त्याचं नाव घेत होती, गालावर पाणी मारत होती. ती म्हणाली, आता तू नुसतं ठोकत नाहीस. थांबतोस. थोडं ठोकून थांबतोस आणि परत सुरू करतोस. रविवारी सकाळी तो काकांचा पत्ता काढून तिकडे गेला. काका दिलेला शब्द मोडून वाजवत बसणारे नव्हेत, हे माहीत होतं, तरीही जाताना तो रागाने स्वतःशी पुटपुटत होता. राग धरला की भीती जरा लांब राहते.

काकांचं दार बंद होतं. समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात किल्ली होती.

"ते दवाखान्यात आहेत," शेजारीणबाई म्हणाल्या. "बुधवारी रात्री स्टुलावरून पडले. माझ्याच समोर नेलं त्यांना."

"बुधवारी?" घड्याळजीने विचारलं. "मग तेव्हापासून घरात कोण आहे?"

"कोण असणार? किल्ली माझ्याकडे. मीच दिवे बंद केले, पियानोची पिन मीच काढली." त्यांनी त्याला नीट निरखून पाहिलं. "तुम्ही ते घड्याळजी का? ते तुमच्याबद्दल बोलत असतात. काल मी भेटायला गेले तर सारखे रडत होते. म्हणत होते, माझी शिकवणी संपली. तिला दुसरा विद्यार्थी मिळाला."

बाईंनी दार उघडलं. खोलीत बंद कापडाचा आणि तेलाचा वास होता. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. शिवणाचं मशीन झाकलेलं होतं. पियानोही झाकलेला होता, त्याची वायर नीट गुंडाळून वर ठेवलेली. घड्याळजीने कापड डावीकडून थोडं उचललं. शेवटच्या पट्टीच्या पलीकडे लाकडात गुळगुळीत खळगा होता, वर्षांचा, कडेने काळा पडलेला. आणि त्याच्या शेजारीच एक लहान, नवा खळगा होता, आतलं कोरं लाकूड दिसणारा. भुसा अजून पट्टीवर पडलेला होता.

डबी खिडकीत होती. तिच्यात बटणं होती, अंगुस्तान नव्हतं. पेनड्राइव्ह पियानोच्या खाचेत होता.

खरं तर त्याने तो तिथेच ठेवून यायला हवा होता. पण सतरा वर्षं ज्याने फाइल उघडून पाहण्याचा धंदा केला, त्याच्याने ते होईना. घरी येऊन त्याने पेनड्राइव्ह लावला. बायको खुर्चीमागे उभी होती. अकरा फाइली होत्या आणि बारावी होती. तिची तारीख कालची, वेळ तीन ते साडेपाच.

लय एकशेवीस. स्केल ओळखायला सांगितलं तर कॉम्प्युटर बराच वेळ विचार करत राहिला आणि त्याने जागा कोरीच ठेवली. पडद्यावर सूर दिसत नव्हते. घड्याळजी खाली गेला. वीस नंबरवर ठिपक्यांची ओळ होती, दर चौथा ठिपका केसभर मागे. आपलं अक्षर ओळखावं तसं त्याने ते ओळखलं. आणि तिच्याही खाली, एकोणीसपासून शून्यापर्यंत, जिथे कुठल्याच पियानोला पट्ट्या नसतात, तिथे एक अख्खी चाल वाजवलेली होती.

"लावू नकोस," बायको म्हणाली.

त्याने ते सूर चार सप्तकं वर आणले, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतील असे, आणि लावले. लहान मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात तसली चाल होती. एक, दोन, तीन, आणि चौथ्या ठोक्याला चाल थांबली. क्षणभर काहीच नाही. मग पहिल्यापासून. एक, दोन, तीन, उशिरा चार. थांबली. पहिल्यापासून. न रागावता, न कंटाळता, अडीच तास. कडक होती, काका म्हणाले होते. जमेपर्यंत सोडायची नाही.

घड्याळजीने आपल्या बोटाकडे पाहिलं. अकरा वर्षांत कुठल्या डॉक्टरला ते वाकवता आलं नव्हतं.

"शेवट बघ," बायको कुजबुजली. तिने पडद्यावर बोट ठेवलं. फाइलच्या अगदी शेवटी, शेवटच्या चार ठोक्यांत, चौथा ठिपका मागे नव्हता. बरोबर जागेवर होता. आणि त्या एकाच ठिपक्याचा जोर एक नव्हता, एकशेसत्तावीस होता.

कालपासून सांधा का सुजलाय, ते त्याला आत्ता कळलं.

तीनला पाच मिनिटं कमी होती. त्याने पेनड्राइव्ह उपसून काढला आणि खिडकीबाहेर भिरकावला. बायकोने दोन्ही हातांनी त्याचा उजवा हात पकडला, टेबलावर दाबून धरला, वर आपला तळवा ठेवला आणि आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. "मी सोडत नाही," ती म्हणाली. "बघूच काय होतं ते. मी सोडत नाही." तिचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता. तीन वाजले तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता.

त्याला शुद्ध आली तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. नुसती दहा. ती तशीच बसून होती, हात धरून. त्याला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदम. "थांबलं," तो म्हणाला. "अगं, थांबलं. तू थांबवलंस."

ती भिंतीकडे बघत होती, डोळे उघडे. त्याने तिचा तळवा आपल्या हातावरून हळूच उचलला आणि उजेडात धरला. तिच्या हाताच्या पाठीवर, तर्जनीच्या नखावर आणि नखामागे, बारीक बारीक टिकल्या उमटत चालल्या होत्या. तिचं बोट चांगलं होतं, वाकणारं. ते त्याच्या हातातच उठलं आणि पडलं. एक, दोन, तीन, चार, एकही मागे नाही.